‘गुन्हा दाखल आहे का?’ या रकान्यापुढचे आठ आठवडे

ऑफर लेटर मिळालं ४ जुलै २०२५ ला आणि कामावर रुजू झालो १ सप्टेंबरला. मधले आठ आठवडे एका जुन्या खटल्याचे कागद गोळा करण्यात गेले. खटला २०१८ चा, पार्किंगवरून झालेल्या हाणामारीचा. कलमं भारतीय दंड संहितेची ३२४, ५०४, ५०६ आणि ३४. निकाल २०२२ चा, सर्व आरोपी निर्दोष. निर्दोष सुटलं की विषय मिटला, असं बहुतेकांना वाटतं. कोर्टात तो मिटतोही. पण पोलीस ठाण्याचं रजिस्टर, कोर्टाचं संकेतस्थळ आणि कंपनीने नेमलेल्या पडताळणी एजन्सीचा अहवाल या तीन वेगळ्या जागा आहेत. एका जागची दुरुस्ती दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही, आपल्यालाच कागद घेऊन फिरावं लागतं.

नाशिकच्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे या औद्योगिक पट्ट्यात आता ठेकेदाराकडे लागणाऱ्या हेल्परपासून ते शिफ्ट इंजिनिअरपर्यंत सगळ्यांची बीजीव्ही, म्हणजे पार्श्वभूमी पडताळणी होते. ज्यांच्या नावावर लहानसाही गुन्हा आहे, त्यांची या टप्प्यावर झोप उडते. त्यांच्यासाठी हे सगळं तारखेनुसार लिहून ठेवतो आहे.

७ जुलैला एजन्सीची लिंक आली. माहिती भरायला तीन दिवसांची मुदत होती. शिक्षण, आधीच्या नोकऱ्या आणि गेल्या सात वर्षांतले पत्ते हे तासाभरात भरून झालं. अडकलो ते शेवटच्या पानावर. तिथे तीन प्रश्न होते: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला चालला आहे का? तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?

हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी असू शकतात. घाबरून तिन्हींना ‘नाही’ लिहिणारे पुष्कळ असतात, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. ‘शिक्षा झाली का’ याला ‘नाही’ हे माझं खरं उत्तर होतं, कारण निर्दोष मुक्तता म्हणजे शिक्षा नव्हे. ‘खटला चालला का’ याला मात्र ‘हो’ हेच उत्तर. अटकेचा प्रश्न त्याहून बारीक आहे. पोलिसांनी नुसती हजर राहण्याची नोटीस दिली असेल (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१अ, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५) आणि ताब्यात घेतलंच नसेल, तर ती अटक नाही. आठवणीवर विसंबू नका, दोषारोपपत्र काढून बघा. आरोपींच्या तक्त्यात अटकेची तारीख आणि जामिनाची तारीख असे रकाने असतात. माझ्या दोषारोपपत्रात दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या होत्या, म्हणून तिथेही ‘हो’.

नावावर काहीतरी आहे, पण ते नेमकं काय ते ठाऊक नाही, अशी अनेकांची स्थिती असते. त्यासाठी एवढं समजून घ्या. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ती एफआयआर नसते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. चॅप्टर केस ही प्रतिबंधक कारवाई आहे. शांतता राखीन असा बाँड घेतला जातो, पण ती शिक्षा नसते. पोलिसांनी तपास करून अ, ब किंवा क समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली असेल आणि कोर्टाने ती मंजूर केली असेल, तर खटला उभाच राहिलेला नसतो. त्या समरीच्या आदेशाची नक्कल मिळवून ठेवा. लोकअदालतीत तडजोड झाली असेल, तर तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच होतो, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. जुन्या संहितेचं कलम ३२०, नव्या संहितेचं ३५९. पण ‘गुन्हा कबूल’ म्हणून पाचशे-हजाराचा दंड भरला असेल तर ती शिक्षाच आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस आणि जुगाराची केस, या दोन्हींत हा घोटाळा फार होतो. ‘दंड भरून मोकळा झालो’ म्हणणाऱ्याच्या नावावर प्रत्यक्षात दोषसिद्धी लागलेली असते. कबुली देण्याआधी वकिलाला एकदा हे विचारून घ्या, इतकं मी कळकळीने सांगेन.

ही माहिती मागायचा खाजगी कंपनीला हक्क आहे का? मागू नये असा कायदा आपल्याकडे नाही. जुना गुन्हा ठरावीक वर्षांनी पुसला जाईल, अशी प्रौढांसाठीची सर्वसाधारण तरतूदही नाही. सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा २०१६ चा निकाल पायाभूत मानतात. त्याचा आशय असा: दिलेली माहिती खरी असली पाहिजे. क्षुल्लक गुन्हा लपवला गेला असेल तर नियोक्ता ती चूक पोटात घालू शकतो. खरी माहिती दिली तरी पूर्वचारित्र्य तपासून निर्णय घ्यायचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो. आणि फॉर्मने जे नेमकं विचारलं असेल, तेवढंच सांगणं उमेदवाराला बंधनकारक आहे. सरकारी भरतीतल्या साक्षांकन नमुन्यावर चुकीची माहिती दिल्यास अपात्र ठरवण्याची ताकीद छापलेली असते, ती फॉर्म भरण्याआधी वाचा. खाजगी कंपनीत हे सगळं ऑफर लेटरमधल्या एका वाक्यावर चालतं: ‘ही नेमणूक पडताळणी समाधानकारक होण्याच्या अधीन आहे.’ खटला सापडला म्हणून कंपनी एखादवेळ थांबेल, विचार करेल. पण खोटं उत्तर सापडलं तर एचआरला विचार करायला काही उरत नाही.

८ जुलैला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर स्वतःचंच नाव शोधलं. जिल्हा नाशिक, मग न्यायालय संकुल, पक्षकाराच्या नावाची किमान तीन अक्षरं, नोंदणीचं वर्ष, आणि स्थितीत ‘दोन्ही’. नुसतं ‘प्रलंबित’ ठेवलं तर निकाली प्रकरण दिसत नाही. वर्ष गुन्ह्याचं नको, खटला नोंदवल्याचं टाका. माझा गुन्हा २०१८ चा, पण दोषारोपपत्र दाखल झालं २०१९ मध्ये, त्यामुळे पहिल्या तीन शोधांत काहीच आलं नाही. आडनावाचं स्पेलिंगही बदलून बघावं लागतं. चव्हाण, वाघ, जाधव ही नावं रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. एफआयआर क्रमांक आणि पोलीस ठाणं माहीत असेल तर त्यावरून शोध लवकर लागतो. प्रकरण सापडलं की त्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवरची प्रकरणाची ओळख) आणि आरसीसी क्रमांक (त्या कोर्टातला फौजदारी खटल्याचा क्रमांक) लिहून घ्या. पुढे प्रत्येक अर्जावर हे दोन्ही लागतात.

स्थिती ‘निकाली’ दिसली, निकालाची पीडीएफही उतरवता आली. पण त्या पीडीएफवर कोर्टाचा शिक्का नसतो. पडताळणीत चालते ती प्रमाणित प्रत, म्हणजेच नक्कल.

९ जुलैला सकाळी साडेदहाला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात पोहोचलो. नक्कल विभागात छापील अर्ज मिळतो. त्यावर आरसीसी क्रमांक, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, कोणता कागद हवा आणि किती प्रती, एवढं भरून कोर्ट फीचं तिकीट लावायचं. प्रकरण निकाली होऊन तीन वर्षं झाली होती, म्हणून फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. आधी तिथून फाईल काढली जाते, मग नक्कल तयार होते. दिवस लागतात ते याच पायरीवर. निकालाच्या तीन आणि दोषारोपपत्राची एक प्रत मागितली. तिकिटं आणि पानांचे पैसे मिळून चारशेच्या आत खर्च झाला. नक्कल हातात आली १८ जुलैला, नवव्या दिवशी. अर्जाची पावती जपून ठेवा, तिच्या क्रमांकाशिवाय चौकशी होत नाही. शिवाय दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्ट बंद असतं.

वकील नेमायची ऐपत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत मदतीला पात्र असलेल्यांची यादी आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांच्यासोबत तिच्यात औद्योगिक कामगारही येतात. कारखान्यातल्या कामगारांना आपण यात बसतो हे बहुधा माहीतच नसतं. टोल फ्री क्रमांक १५१००.

नक्कल यायची वाट बघत फॉर्म अडवून ठेवला नाही. १० जुलैला मुदतीच्या आत भरून टाकला. अटक ‘हो’, खटला ‘हो’, शिक्षा ‘नाही’. खाली शेरा लिहायची जागा होती, तिथे पाच ओळी लिहिल्या: पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलमं, आरसीसी व सीएनआर क्रमांक, निकालाची तारीख, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४८(१) अन्वये निर्दोष मुक्तता, आणि प्रमाणित प्रतीसाठी ९ जुलैला अर्ज केल्याचं. भांडण कुणी सुरू केलं, फिर्यादी कसा माणूस होता, यातलं काही लिहिलं नाही. या जागेत कैफियत मांडण्याचा मोह होतो, तो टाळाच. वाचणाऱ्याला तारखा आणि क्रमांक हवे असतात. तेच पाच ओळींचं पत्र पावतीच्या फोटोसह एचआरला स्वतःहून ईमेल केलं. एजन्सीच्या अहवालातून कळण्याआधी आपल्याकडून कळलेलं बरं. त्या रात्री मनावरचं निम्मं ओझं उतरलं.

कंपनीला पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखलाही हवा होता. त्यासाठी महाराष्ट्र पोलिसांचं पीसीएस पोर्टल आहे. १४ जुलैला अर्ज भरला. फोटो, सही, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि कंपनीचं पत्र लागतं. शुल्क सव्वाशेच्या घरात, ऑनलाइन भरायचं. कंपनीचं पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं आणि तुमचं पूर्ण नाव आधारप्रमाणे लिहिलेलं असू द्या. पहिल्या पत्रात वडिलांचं नाव नव्हतं, ते बदलून घेण्यात दोन दिवस गेले होते. दुसरी काळजी पोलीस घटकाची, म्हणजे अर्ज कुठल्या हद्दीकडे करायचा याची. नाशिक शहर आयुक्तालय वेगळं आणि नाशिक ग्रामीण वेगळं. ओझर, सिन्नर, दिंडोरी हे सगळं ग्रामीणमध्ये येतं. कारखाना सिन्नरला असला तरी राहायला सिडकोत असाल तर अर्ज शहराकडेच करायचा, कारण पडताळणी राहत्या पत्त्यावरून होते. आणि नोकरी परदेशातली असेल तर हा दाखला चालत नाही. तिथे पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी) काढावं लागतं, त्याचं शुल्क ५०० रुपये आहे.

२१ जुलैला पोलीस ठाण्यातून फोन आला. मूळ कागद घेऊन गेलो. पडताळणीचं काम गोपनीय कक्षाकडे असतं. तिथल्या अंमलदारांनी संगणकात नाव टाकलं आणि म्हणाले, “दादा, तुमचा गुन्हा आमच्याकडे अजून न्यायप्रविष्टच दिसतोय.”

निकाल लागून तीन वर्षं झाली होती. असं का होतं, तेही त्यांनीच समजावून सांगितलं. गुन्हा दाखल झाल्याची आणि दोषारोपपत्र पाठवल्याची नोंद ठाण्यातूनच सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत होते. निकाल मात्र कोर्टात लागतो. तो ठाण्यापर्यंत आणायचं काम कोर्टात हजर राहणाऱ्या पैरवी अंमलदाराचं. मधल्या काळात माणसं बदलली, एखादी यादी सुटली, की गुन्हा वर्षानुवर्षं न्यायप्रविष्टच राहतो. तशाच नोंदीवरून अहवाल गेला असता तर दाखल्यावर ‘खटला प्रलंबित’ आलं असतं, आणि मी फॉर्मवर दिलेलं खरं उत्तर कंपनीला खोटं वाटलं असतं.

उपाय सोपा होता, पण तो लेखी करावा लागतो. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहिला. विषय: ‘गु.र.नं. अमुक, निकालाची नोंद अद्ययावत करणेबाबत’. सोबत निकालाची प्रमाणित प्रत जोडली. अर्ज दोन प्रतींत करा. एक बारनिशीला (आवक-जावक टेबलावर) देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तो शिक्का मिळेपर्यंत तिथून हलू नका. नुसतं तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीतल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. पैरवी अंमलदारांनी कोर्टाच्या रजिस्टरशी निकाल पडताळून घेतला होता. ३० जुलैला नोंद ‘निर्दोष’ अशी बदलली. दाद लागलीच नाही तर पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो, आणि दहा रुपयांच्या तिकिटावर माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ हे विचारता येतं. माहितीसाठी तीस दिवसांची मुदत आहे.

आता खरी परीक्षा. १ ऑगस्टला एजन्सीचा अहवाल आला तो ‘अंबर’ शेऱ्याचा. हिरवा म्हणजे साफ, लाल म्हणजे गंभीर विसंगती, अंबर म्हणजे खुलासा हवा. त्यात दोन नोंदी होत्या. एक माझीच. दुसरी त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या कुणा दुसऱ्याची, जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टातली, चोरीच्या कलमाची.

हे का घडतं ते कळलं तर भीती कमी होते. सीसीटीएनएस खाजगी एजन्सीला खुलं नाही. एजन्सी कोर्टांच्या उघड नोंदींतून नाव शोधतात. या नोंदींत जन्मतारीख नसते, वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं, पत्ता बहुधा गावाच्या नावावरच संपतो. त्यामुळे नाव आणि जिल्हा जुळला की नोंद अहवालात येते. आपल्याकडे एकाच नावाचे चारजण एकाच गावात निघतात. म्हणून एजन्सीच्या फॉर्मवर वडिलांचं पूर्ण नाव आणि प्रत्येक पत्त्याचा कालावधी, महिन्यासह, काळजीपूर्वक भरावा.

खुलाशासाठी पाच कामाचे दिवस होते. आपण तो नाही हे दाखवायचं तर त्या खटल्यातला आरोपी कोण आहे हे दाखवावं लागतं. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर बघता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळून ते टाकले जातात. जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखांचा टप्पा दिला की यादी येते. त्या एफआयआरमध्ये आरोपीच्या वडिलांचं नाव आणि वय होतं. वयात अकरा वर्षांचा फरक. मग ५०० रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केलं: सदर प्रकरणातील आरोपी मी नाही, माझ्या वडिलांचं नाव अमुक, जन्मतारीख अमुक, त्या काळात राहण्याचं ठिकाण अमुक. नोटरी आणि टायपिंग धरून साडेआठशे रुपये गेले. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि त्या काळातली वीजबिलं जोडली. एफआयआरमध्ये आरोपी ‘अज्ञात’ असेल तर ही वाट बंद होते. मग त्या कोर्टातून दोषारोपपत्राच्या आरोपी तक्त्याची नक्कल काढावी लागते. आपण त्या प्रकरणात पक्षकार नसल्याने अर्जात कारण लिहावं लागतं, आणि त्याला वेळ जातो. असं असेल तर एजन्सीकडे मुदतवाढ ईमेलवरच मागा, फोनवर नको.

पहिल्या नोंदीसाठी प्रमाणित निकालाच्या प्रतीसोबत ठाण्यातला आवक शिक्क्याचा अर्जही जोडला. ६ ऑगस्टला सगळं पाठवलं. १२ ऑगस्टला पोलिसांचा दाखला पोर्टलवर आला, त्यात गुन्ह्याचा उल्लेख आणि पुढे ‘न्यायालयातून निर्दोष मुक्तता’ असा शेरा. कोरा दाखला मिळाला नाही म्हणून वाईट वाटलं होतं, पण एचआरच्या बाईंचं म्हणणं पटलं. “तुम्ही जे सांगितलंत, तेच यात आहे,” त्या म्हणाल्या. तीन जागांचे तीन कागद एकच गोष्ट सांगत होते, त्यांना तेवढंच बघायचं होतं. १९ ऑगस्टला सुधारित अहवाल आला. दुसरी नोंद वगळली होती आणि पहिलीपुढे ‘जाहीर केलेली, निर्दोष’ असं लिहिलं होतं. २५ ऑगस्टला रुजू होण्याचं पत्र मिळालं.

ज्यांना प्रत्यक्ष शिक्षा झाली आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कोर्टाने तुरुंगात न पाठवता परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) सोडलं असेल, तर परिवीक्षा अधिनियम १९५८ चं कलम १२ वाचा. दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्या व्यक्तीला लागत नाही. दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही, त्यामुळे ‘शिक्षा झाली का’ या प्रश्नाला वकिलाशी बोलूनच उत्तर द्या आणि आदेशाची नक्कल जोडा. दुसरं, घटनेच्या वेळी वय अठराच्या आत असेल, तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ आहे. बाल न्याय मंडळाच्या निष्कर्षामुळे पुढे अपात्रता येत नाही आणि नोंदी ठरावीक काळाने नष्ट करायच्या असतात. सोळा ते अठरा वयातल्या, प्रौढ म्हणून चाललेल्या अतिगंभीर गुन्ह्यांना तेवढा अपवाद. या मुलांना हा कायदा कुणी सांगतच नाही, आणि ती भीतीपोटी नोकरीचा अर्जच करत नाहीत. ओळखीत असं कुणी असेल तर त्याला घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जा.

खटला अजून चालू असेल तर प्रत्येक तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची कोर्टाची नोंद, उतरवून ठेवा. आरोप कोणत्या टप्प्यावर आहेत, तारखा कुणामुळे पडल्या, हे एचआरला त्यावरून दाखवता येतं. फॉर्मवर नव्या कायद्यातली (भारतीय न्याय संहितेतली) कलमं विचारत असतील तर घाबरू नका. १ जुलै २०२४ पूर्वीचे गुन्हे भारतीय दंड संहितेखालीच राहतात, जुनं कलम आहे तसंच लिहायचं.

सगळा खर्च, जाण्यायेण्याचा धरून, दोन हजारांच्या आसपास झाला. तीन प्रमाणित प्रतींपैकी एक एजन्सीकडे गेली, एक पोलीस ठाण्यात, तिसरी दोषारोपपत्रासोबत घरी आहे. नोकरी बदलताना पुन्हा लागेल म्हणून रुजू होण्याआधी आणखी दोन प्रतींसाठी अर्ज करून आलो. त्याची पावती पाकिटात आहे, नक्कल घ्यायला जायचं आहे.